वानरीचे तीन बोल आणि कढीतलं मीठ

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्याचं नाव जांभळोशी. त्या गावात तीन बहिणी राहायच्या. थोरली द्वारका, मधली सारजा आणि धाकटी शेवंता. दत्तू, पाय आत घे बघू. हं.

द्वारका माणसांची औषधं करायची. कुणाचं पोट दुखलं, कुणाला ताप भरला, की सगळे द्वारकेच्या दारात. सारजा बघायची गुरांचं. गाय अडली, रेडकू दूध पिईना, की सारजेला हाक. आणि शेवंतेला सगळं रान ठाऊक. कुठल्या झाडाला मोहोर कधी येतो, कुठल्या ओढ्याचं पाणी कधी आटतं, हे तिला विचारावं. तिघींची घरं एकाच अंगणाला लागून होती. पण तिघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

का म्हणून काय विचारता? कढीमुळे. हसू नका, कढीमुळेच. झालं असं, की एकदा त्यांच्याकडे गावजेवण होतं. मोठ्या पातेल्यात कढी उकळत होती. द्वारका आली, मूठभर मीठ घातलं आणि गेली. मग सारजा आली, तिनेही मूठभर घातलं. मग शेवंता आली. तिला वाटलं, या दोघी विसरल्या असणार. तिनेही घातलं. कुणी कुणाला विचारलं नाही. पंगत बसली, आणि पहिल्याच भुरक्याला अख्खं गाव ताटावरून उठून विहिरीकडे पळालं!

"मीठ घालणं माझं काम होतं," द्वारका म्हणाली. "माझं होतं," सारजा म्हणाली. "तुम्ही सांगायचं नाही का?" शेवंता म्हणाली. झालं. त्या दिवसापासून जो अबोला धरला तो सात वर्षं.

आता बोलायचं नाही, पण अंगण तर एकच. मग करायचं काय? द्वारकेला एक लेक होती, केवडी. आठ वर्षांची, तुमच्याएवढीच. तिघींचे निरोप तीच न्यायची.

"केवडे, तुझ्या मावशीला सांग, तिची कोंबडी माझ्या परसात उकरतेय."

सारजा तिथेच चार पावलांवर उभी असायची बरं का. ती म्हणायची, "केवडे, तुझ्या आईला सांग, कोंबडीला अक्कल नसते. माणसाला तरी असावी."

मग केवडी आईकडे वळून म्हणायची, "मावशी म्हणते, आता बांधून ठेवते."

अशी गुणी पोर. निरोप नेताना त्यातला काटा वाटेतच काढून टाकायची.

मग काय झालं, एका वर्षी भात झोडून झालं, थंडी सरली, रानात पानगळ सुरू झाली. आणि डोंगरावरच्या मोठ्या जांभळाखाली वानरं मरून पडायला लागली. आज एक, उद्या दोन. त्या टोळीत एक म्हातारी वानरीण होती. तिची दोन पिल्लंही गेली.

आता तुम्हाला एक गंमत सांगते. वानरांना देवाने बोलणं दिलंय, पण आयुष्यात तीनदाच. म्हणून ती कधी बोलत नाहीत, जपून ठेवतात. आणि आपण! सकाळी डोळा उघडला की सुरू. तर त्या म्हातारीने आपले तिन्ही बोल साठवून ठेवले होते. तिला वाटलं, आता खर्च करावेत. खाली गावात तीन शहाण्या बहिणी आहेत. जिचं काम तिला सांगावं. संध्याकाळी चुलीपाशी बसल्या की तिघी आपोआप जुळवून घेतील. बिचारीला कढीची गोष्ट कुठे ठाऊक!

मग ती द्वारकेच्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, माझी पिल्लं तापाने गेली."

द्वारकेला वाईट वाटलं. तिने पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. "पण मी माणसांचं बघते गं," ती म्हणाली. "वानरांचं मला कळत नाही."

मग वानरीण सारजेच्या गोठ्यात गेली. म्हणाली, "तुझ्या गुरांच्या कानांत बघ. रानातली गोचीड घरात आलीय."

सारजेने पाहिलं, तर खरंच, कपिला गाईच्या कानात गोचिडी. तिने बसून एकेक काढली, जाळली, कानाला करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, चोळलं. तिला वाटलं, झालं आपलं काम.

मग वानरीण ओढ्यावर शेवंतेकडे गेली. म्हणाली, "आम्ही जिथे मरून पडलो, तिथला पाला कुणाला उचलू देऊ नको."

शेवंता चमकली. कारण ते पातेऱ्याचे दिवस होते. पातेरा म्हणजे झाडाखालचा सुका पाला. गावातली माणसं तो भारे भरभरून आणायची आणि गोठ्यात गुरांखाली अंथरायची. गुरांना मऊ आणि शेताला खत. शेवंतेच्या मनात आलं, सारजेला सांगायला हवं. पण सांगू कशी? अबोला ना! ती म्हणाली, "केवडीला पाठवते निरोप घेऊन."

ती अंगणात आली. "केवडे! ए केवडे!" ओ आली नाही.

केवडी कुठे होती, सांगू? सारजामावशीच्या गोठ्यासाठी पातेरा आणायला गेली होती. मोठ्या जांभळाखाली. तिथे ढीगच्या ढीग पडला होता ना, कुणी उचलला नव्हता. ती डोक्यावर भारा घेऊन हसत हसत आली. सारजेने तिच्या पाठीवर थाप मारली, हातावर गूळ ठेवला. आणि शेवंता? तिला वाटलं, सांगू उद्या. पोर दमलीय.

उद्याचं परवा झालं. पाचव्या दिवशी केवडीचं डोकं दुखायला लागलं. मग ताप भरला. असा ताप, की कपाळावर हात ठेववेना. द्वारकेने काढा दिला. ताप उतरला नाही. दुसरा काढा दिला. नाही उतरला. तिसराही दिला. तुम्हीच सांगा, गावभरच्या लेकरांना बरं करणारी बाई, आणि तिची स्वतःची लेक डोळे उघडेना. तिचं काय झालं असेल?

केवडी अर्धवट शुद्धीत पुटपुटली, "आये, कपिलेचं दूध दे. आणि शेवंतामावशीचा मध."

अंगण एकच, ते दोघींच्याही कानावर गेलं. मग दिवेलागणीला सारजा दुधाचा पेला घेऊन आली. शेवंता मधाची वाटी घेऊन आली. सात वर्षांनी तिघी एका छपराखाली. तिघी अंथरुणाभोवती बसल्या आणि तिघींनी तोंडं तीन दिशांना केली.

"केवडे, तुझ्या आईला विचार, पोरीला कधीपासून असं आहे?"

"केवडे, तुझ्या मावशीला सांग, पाच दिवस झाले."

"केवडे, तुझ्या दोन्ही मावश्यांना विचार..."

केवडीने डोळे किलकिले केले. हळूच म्हणाली, "आये, आज मला निरोप नेववत नाहीत गं. तुम्हीच बोला."

आणि तिने डोळे मिटले.

मग द्वारकेच्या तोंडून एकच शब्द आला.

"सारजे."

सात वर्षांत पहिला. आणि बांध फुटल्यासारखं झालं. "सारजे, माझी पोर चालली गं! ती म्हातारी वानरीण सांगून गेली होती, तिची पिल्लंही अशीच तापाने गेली म्हणून."

"तुझ्याकडे आली होती?" सारजा म्हणाली. "अगं, माझ्याकडेही आली होती! म्हणाली, रानातली गोचीड घरात आलीय."

शेवंता ताडकन उभी राहिली. "आणि मला म्हणाली, आम्ही मेलो तिथला पाला उचलू देऊ नको. सारजाक्का, केवडीने पातेरा कुठून आणला?"

सारजेने गोठ्याकडे पाहिलं. "जांभळाखालून. मीच तिला गूळ दिला गं."

"आणि मी तोंड शिवून बसले," शेवंता म्हणाली.

बघा, एकीकडे ताप होता, एकीकडे गोचीड होती, एकीकडे पाला होता. तिघींकडे मिळून सगळी गोष्ट होती, पण प्रत्येकीकडे तिचा एकच तुकडा.

मग कुणी रडत बसलं नाही. सारजेने दिवा जवळ घेतला आणि केवडीच्या कानामागे, केसांत, काखेत शोधलं. वासराचं बघते तसं. आणि डाव्या कानामागे सापडली! टम्म फुगलेली गोचीड. सारजेने चिरडली नाही, ओढून तोडली नाही. हळूहळू सबंध काढली आणि निखाऱ्यात टाकली. द्वारकेने ओल्या फडक्याने अंग पुसलं आणि चमचा चमचा पेज पाजली. शेवंतेने पायांना करंजेल चोळलं, हातांना फडकी गुंडाळली, गोठ्यातला सगळा पातेरा लांब दाताळ्याने ओढून काढला आणि खड्ड्यात जाळला.

सकाळी पाहतात तर काय, सगळं गाव टोपल्या, दोऱ्या घेऊन डोंगराकडे निघालेलं. मोठ्या जांभळाखाली पाला खूप आहे, ही बातमी पसरली होती. तिघी धावत जाऊन वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. "तो पाला आणू नका, त्यात तापाची गोचीड आहे!"

"पातेरा आणू नको, मग गुरांखाली काय घालू? तुझं लुगडं?" एकजण ओरडला.

"पेंढा घाल," सारजा म्हणाली.

"रानात जायचंच तर पायांना तेल लावा, आल्यावर कढत पाण्याने आंघोळ करा," द्वारका म्हणाली.

"आणि वानर मेलेलं दिसलं तर हात लावू नका. मला येऊन सांगा," शेवंता म्हणाली.

लोक कुरकुरले. तेवढ्यात काठी टेकत म्हातारे धोंडूतात्या पुढे आले. गावात सगळ्यात वयस्क. ते म्हणाले, "अरे, या तिघींचं सात वर्षांत मिठावर एकमत झालं नाही. आज तिघी एका तोंडाने बोलतायत. म्हणजे गोष्ट खरीच असणार. फिरा मागे!"

आणि सगळे हसत हसत मागे फिरले. त्या वर्षी गावात आणखी कुणाला तो ताप आला नाही.

केवडीचं काय म्हणता? तिचा ताप लगेच नाही उतरला हो. दहा दिवस तिघींनी पाळ्या लावल्या. एक उशाला, एक चुलीपाशी, एक गोठ्यात. अकराव्या दिवशी सकाळी केवडीने डोळे उघडले आणि म्हणाली, "आये, कढी-भात कर ना."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग पातेलं चढलं. ताक घुसळलं, पीठ कालवलं, फोडणी बसली. छपरावर ती म्हातारी वानरीण येऊन बसली होती. तिचे तिन्ही बोल संपले होते, त्यामुळे ती नुसती बघत होती. शेवंतेने मिठाची चिमूट उचलली. हात पातेल्यावर नेला आणि तिथेच थांबली.

"द्वारकाक्का," ती म्हणाली, "मीठ घातलंस का गं?"

तशी ती कढी झाली. केवडी दोन वाट्या प्यायली. गाई रवंथ करत राहिल्या, रानात वानरं उड्या मारायला लागली, आणि तिघी बहिणी एका अंगणात सुखाने नांदल्या.

चला, आता डोळे मिटा. आणि दत्तू, झोपण्याआधी शेजारच्याला विचार बरं, "तुला पांघरूण पुरतंय ना?"