काचेच्या कपाटातली जागा

वाद्यांना तोंड होतं आणि ती ते मनसोक्त चालवत, तेव्हाची ही गोष्ट. एका गायनशाळेत काचेचं कपाट आलं. सगळ्यात जुनं, अस्सल वाद्य त्यात ठेवायचं असं गुरुजींनी ठरवलं. म्हाताऱ्या तंबोरीला ती जागा अगदी मनापासून हवी होती. मानबिन नको होता. तिला फक्त झोप हवी होती.

"अस्सल आणि तू?" रुद्रवीणा फणकारली. "भोपळा नवा, खुंट्या नव्या, तारा टेकतात ती घोडीसुद्धा नवी. माझ्यावर बघ, एक ओरखडा नाही!"

तंबोरी विचारात पडली. खरंच, आपल्यात आपलं असं उरलंय तरी काय?

"भोपळा पोरांनी आपटला गं," ती पुटपुटली. "घोडी वाजून वाजून झिजली. तुझी कशी नाही झिजली?"

"मला कुणी हात लावेल तर ना!" वीणा ऐटीत बोलून गेली, आणि मग तिचं तिलाच कसंसं झालं.

जागा वीणेलाच मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे एक मुलगी डोळे चोळत आली आणि सूर नीट घुमावा म्हणून तंबोरीच्या तारांखाली दोरे सरकवू लागली.

"आले गं बाई, आले," म्हणत तंबोरी जांभई देत सुरात लागली.

कपाटातल्या वीणेने हळूच काचेला कान लावला.