उतू न गेलेलं दूध

एकदा एका गृहिणीने जुन्या सामानाच्या बाजारातून एक गॅसची शेगडी घरी आणली, आणि शेगडीच्या मागोमाग एक धास्तीही उंबरा ओलांडून आत आली.

जुनी शेगडी आणण्याला कारण होतं. तिच्या सासूबाईंना वास येत नसे. तीन वर्षांपूर्वी मोठं आजारपण झालं, त्यात घ्राणशक्ती गेली ती परतली नाही. फोडणी करपली काय नि मोगरा फुलला काय, त्यांना दोन्ही सारखंच. तरी दुपारचा चहा त्या स्वतःच्या हातानेच करीत. सून त्या वेळी शिवणवर्गाला गेलेली असे, मुलगा कामावर. घरात त्या एकट्या.

घरची शेगडी गंजून निकामी झाली तेव्हा मुलाने दुकानात नेऊन काचेची नवी शेगडी दाखवली. सासूबाईंनी तिचं बटण फिरवून पाहिलं आणि हात मागे घेतला.

"हे लोण्यासारखं फिरतंय रे. बंद झालं की नाही, बोटाला कळतच नाही. आपल्या जुन्याचं कसं, बंद झालं की कट् म्हणायचं."

नाकाचं काम त्या माउलीने कानावर सोपवलेलं होतं. तेव्हा सून त्या 'कट्'च्या शोधात निघाली. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यासमोर बसून तिने एकेका शेगडीचं बटण कान लावून फिरवलं. व्यापारी पाचव्या शेगडीपर्यंत गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, शेगडी घेताय की रेडिओ?"

सहावी शेगडी बोलली. कट्. सुनेने ती तिथेच घेतली.

घरी आणल्यावर मात्र तिच्या मनाने वेगळंच घेतलं. ही कोणाच्या घरातली? त्यांनी का टाकली असेल? काही विपरीत तर घडलं नसेल ना हिच्यावर? तिने गोमूत्र शिंपडलं, गंगेचं पाणी शिंपडलं, चारी पायांना हळदकुंकू लावलं. देवीला नारळ बोलली. झोप काही लागेना. वास न येणारी वृद्ध बाई आणि परक्या घरची जुनी शेगडी, हे दोन्ही एका स्वयंपाकघरात ती सोडून जाणार होती.

बाजाराच्या टोकाला एक वृद्ध कारागीर बसत. आयुष्यभर त्यांनी शेगड्याच उघडल्या होत्या. सारे त्यांना आप्पा म्हणत. सुनेने शेगडी त्यांच्यापुढे ठेवली, सासूबाईंच्या नाकाचं सांगितलं आणि म्हणाली, "आप्पा, दुरुस्त करून नको. मला दुरुस्ती शिकवा. माझ्या हाताने केली तरच माझा जीव थाऱ्यावर येईल."

आप्पांनी तिला पुढ्यातला पाट दिला.

नऊ दुपारी ती त्यांच्याकडे शिकली. शिवणवर्गाला सुट्टी टाकली, पण आप्पांचा वर्ग चुकवला नाही. पितळी बर्नर चिंचेच्या पाण्यात भिजत घालावेत, भोकं बारीक तारेने मोकळी करावीत, बटणाच्या आत जुनं काढून नवं ग्रीस भरावं, रबरी नळी मात्र कधीही जुनी वापरू नये, हे सारं ती शिकली. सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा येतो का पाहायचं. आला तर तिथे गळती. हे तिला इतकं आवडलं की ती सारी दुपार तेच करू लागली.

"आल्यापासून सातव्यांदा," आप्पा म्हणाले. "साबण संपेल पोरी, भीती संपायची नाही."

"पण आप्पा, जिथून ही आली तिथे काही झालं नसेल ना?"

"झालं असेल ना. स्वयंपाक झाला असेल."

एका बर्नरच्या भोकांत मात्र काळसर तपकिरी, दगडासारखा घट्ट थर बसलेला होता. तो खरवडताना दोन दिवस गेले, तिची बोटं सोलवटली.

"आप्पा, हे एवढं चिवट काय आहे?"

"दूध," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी तिच्या हातात नवी तार दिली.

दहाव्या दिवशी श्रावणातला शुक्रवार होता. सुनेने शेगडी ओट्यावर मांडली, रांगोळी काढली, शेजारच्या चार बायकांना बोलावलं. आप्पांना मुद्दाम बोलावलं. सासूबाईंनी शुक्रवारची कहाणी वाचली, देवीपुढे निरांजन लावलं. मग नव्या चुलीवर करतात तसं पहिलं दूध तापत ठेवलं. ज्योत निळीशार लागली. पातेल्यात साय धरली, कडेने फेस चढू लागला. दूध उतू जाणार, घर भरून वाहणार, म्हणून सगळ्या हात जोडून उभ्या राहिल्या. दूध काठाला टेकलं.

आणि आप्पांनी हात पुढे करून बटण फिरवलं. कट्.

फुगलेलं दूध क्षणभर काठावर थबकलं आणि खाली बसलं.

"अहो आप्पा!" शेजारीण जवळजवळ ओरडलीच. "हे काय केलंत? शुक्रवारी, भरल्या घरात!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षांत या घरातलं पहिलं दूध असं अडवलं नव्हतं कोणी."

सून मनोमन देवीला आणखी एक नारळ बोलली. नऊ दिवस जपलेली शेगडी, आणि आरंभालाच हा अपशकुन! आप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "निरांजन बाहेरच्या खोलीत न्या. खिडक्या उघडा. आणि मला एक लहान पातेलं द्या, काठोकाठ पाणी भरून."

कोणाला काही कळेना, पण म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवून सर्वांनी तसं केलं. आप्पांनी दूध उतरवून पाणी चढवलं, शेगडी पेटवली आणि बटणावर बोटं ठेवून उभे राहिले. "वहिनी, इथे जवळ या. डोळे मिटा. शेगडी बंद झाली की मला सांगा."

सासूबाई डोळे मिटून उभ्या राहिल्या. पाणी उकळलं, उसळलं, काठावरून बर्नरवर सांडलं. चर्र झालं, आणि ज्योत गेली.

"झाली बंद," सासूबाई म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. आवाज थांबला की."

सुनेने पदर नाकाला लावला. शेजारणींनीही लावला. स्वयंपाकघरात गॅसचा वास पसरू लागला होता, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध सासूबाई प्रसन्न मुखाने उभ्या होत्या. सुनेला त्यांच्याकडे पाहवेना.

आप्पांनी बटण फिरवलं. कट्.

सासूबाईंनी डोळे उघडले. बटण चाचपून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "कट् आत्ता झालं."

"हो वहिनी. आत्ता."

"म्हणजे मघाशी..."

सुनेने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

वास निघून जाईपर्यंत आप्पा थांबले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "पोरी, ही कोणाच्या घरातून आली, हे तू मला नऊ दिवस विचारत राहिलीस. नळीला साबण लावलास ते योग्यच केलंस. पण तुझी भीती मागच्या दाराशी पहारा देत बसली, आणि पुढचं दार तू रांगोळी काढून उघडलंस. आपल्या पूर्वजांकडे लाकडाची चूल होती. तिच्यावर दूध सांडलं तर विस्तव विझे आणि विषय संपे. इथे ज्योत विझते, पण गॅस येतच राहतो, न बोलता. तू दोन दिवस खरवडलेला तो थर कोणत्या तरी घरच्या भरभराटीचाच होता. त्याने अर्धी भोकं बंद केली होती." मग ते सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, वसा घेताना तुम्ही देवाला पहिला शब्द कोणता देता?"

सासूबाईंच्या ओठांवर तो चाळीस वर्षांचा होता. "उतणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग जे तुम्ही करायचं नाही म्हणता, ते त्या दुधाकडून का करवून घेता?"

आधी शेजारीण हसली, मग सगळ्याच. मघाचा ताण त्या हसण्यात सैल झाला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुधाचं पातेलं घेतलं, वाट्या मांडल्या, आणि पहिली वाटी आप्पांसाठी भरू लागल्या. वाटी भरली तरी त्यांचा हात थांबला नाही. दूध काठावरून खालच्या ताटलीत आलं, ताटलीही भरली.

"अहो, पुरे, पुरे!"

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "वाहायचं ते इथे वाहू दे."

सगळ्यांच्या वाट्या त्यांनी अशाच भरल्या. त्या दुधाचा नैवेद्य देवीने मानला असेल, याबद्दल मला तरी शंका नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून शिवणवर्गाला निघाली. निघताना तिने नेहमीसारखं दहादा बजावलं नाही, पण काळजी कुठे गेली होती? जिन्यात पोहोचल्यावर बाहेर सर आलेली दिसली, म्हणून छत्री घ्यायला ती माघारी फिरली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत चहा उकळत होता.

एरवी चहा ठेवून सासूबाई बाहेर माळ घेऊन बसत. आज त्यांनी माळ ओट्याशीच आणली होती. देवासमोर राहावं तशा त्या शेगडीसमोर उभ्या होत्या, डोळे पातेल्यावर, बोटांत मणी सरकत होते.

चहा काठाशी आला. सासूबाईंनी माळ थांबवली.

कट्.

त्यानंतर पातेलं उतरवल्याचा आवाज आला.

आपल्या घरात आपण देव्हाऱ्यापाशी जेवढं चित्त देतो, तेवढं उकळत्या दुधापाशी दिलं तर तेही व्रतच होय. सुनेने दार हलकेच ओढून घेतलं, आणि छत्री न घेताच ती जिना उतरली.