न दुखलेला गाल

"आणि दुखलं नाही?"

"न्हाई, महाराज."

"जराही?"

"मुंगी चावल्याइतकंसुद्धा न्हाई."

हे सांगताना जिनपालनं मान खाली घातली होती. आवाज मात्र काही खाली गेला नव्हता. नम्रतेचं सोंग माणसाला एवढंच जमतं.

बाहेर मंडपात अजून जयजयकार चालला होता. जिनपालची मुनिदीक्षा आठवड्यावर आली होती. दीक्षेत केशलोच करायचा असतो. डोक्याचे, दाढीमिशांचे केस वस्तरा न लावता, बोटांना राख लावून हातानंच उपटायचे. भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. जिनपालनं आज सराव म्हणून सगळ्या गावासमोर उजव्या गालावरची दाढी उपटली, आणि वर हसला. म्हातारी माणसं म्हणाली, पोरानं देह जिंकला. जिनपाललाही ते पटलं. न पटायला काय झालं?

हात डाव्या गालाकडे वळला, तेवढ्यात महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून त्याला थांबवलं आणि आत खोलीत बोलावलं. लोकांना वाटलं, गुरूंना दया आली.

"जवळ ये. उजेडात बस."

महाराजांनी राखेत बोटं बुडवली. डाव्या गालावरचा एक केस धरला. ओढला.

"आई गं!"

तोंडून निसटलं ते निसटलंच. जिनपालचे डोळे भरून आले.

आता महाराजांनी उजव्या कानाखाली राहून गेलेला एक केस धरला. ओढावा लागलाच नाही. ओल्या मातीतून गवताची काडी यावी तसा तो वर आला. मुळाशी पू होता.

त्यांनी गालावरची राख पुसली. खाली मऊ, फुगलेल्या गाठी होत्या.

"हे कधीपासून?"

"उष्णतेचं हाय, महाराज. हळद लावतोय."

"कधीपासून?"

"...म्हैना झाला आसंल."

दीक्षा घेण्यापूर्वी महाराज जनावरांचे डॉक्टर होते. त्या जुन्या आयुष्याबद्दल ते चुकूनही बोलत नसत. पण बोटं थोडीच विसरतात?

"गाल कुठं टेकवत होतास?"

"कुठंच न्हाई."

महाराज त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. त्यांचं ते बघणं फार वाईट. त्यापुढं खोटं फार वेळ टिकत नसे.

"...गोशाळेत," जिनपाल शेवटी म्हणाला. "चंद्री म्हणून वासरू व्हतं. आई मेलेलं. बाटलीनं दूध पाजायचो. लई हंबरायचं, मग... तिच्या मानंवर गाल ठेवून पडायचो."

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरदार सोडायला निघालेल्या माणसाला वासराचा लळा लागला, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

"तिच्या डोळ्यांभोवती राखाडी खपल्या होत्या?"

"व्हत्या."

"गजकर्ण. तिचं तुला आलं. बुरशी असते ती. केसाच्या मुळात उतरते आणि मूळ सैल करते. मग केस उपटला तरी कळत नाही."

जिनपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या गावासमोर साधना म्हणून मिरवली, ती बुरशी निघाली.

"मलम लावून जाईल?"

"मलम वरच राहतं. मुळापर्यंत पोचत नाही." महाराजांनी तो केस कागदाच्या कपट्यात गुंडाळला. "हा घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे जा. ते भिंगाखाली बघून खात्री करतील. पोटात गोळ्या घ्याव्या लागतील, बरेच आठवडे. आणि गळू समजून कुणाला चिरू देऊ नकोस."

"तिथं परत केस येतील न्हवं?"

"मुळं जिवंत असतील तर येतील."

"आणि नसली तर?"

"व्रण राहील. उपटायला काही उरणार नाही."

केस टाकायला निघालेल्या माणसाला त्या केसांसाठीच रडू फुटायची वेळ आली. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"आज उपटलेले केस कुठं आहेत?" महाराजांनी विचारलं.

"आईच्या पदरात. तिनंच झेलले." बोलता बोलता जिनपालचा आवाज खोल गेला. "महाराज... आशीर्वाद म्हणून तिनं त्यो पदर पमीच्या डोक्यावरनं फिरवलाय."

पमी त्याच्या बहिणीची लेक, नुकतीच चालायला लागलेली. बाहेरच्या गलक्यात तिचं खिदळणंही ऐकू येत होतं.

"जा. आईला सांग. लुगडं उकळत्या पाण्यात टाकायचं. पोरीचं डोकं आत्ता धुवायचं आणि तिलाही डॉक्टरांना दाखवायचं."

"...समद्यांच्या म्होरं सांगू?"

"उपटलेस कुणापुढं?"

जिनपाल उठला. दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. बाहेर त्याच्या नावाचा घोष चालला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या नावाची भीती वाटली.

"महाराज, मग दीक्षा? पत्रिका वाटून झाल्यात. पाव्हणं यायला लागल्यात."

महाराजांनी विचारलं, "ती चंद्री कुठं आहे आता?"

"मेली. हगवण लागली व्हती."

"रडलास?"

"न्हाई, महाराज. एक थेंबसुद्धा न्हाई."

अगदी तोच आवाज. मघाचाच.

या वेळी तो जिनपाललाही ऐकू आला. त्याचा हात आपोआप उजव्या गालाकडे गेला आणि मध्येच थांबला...

महाराज उठले. केसाची पुडी त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली.

"गोळ्या शेवटपर्यंत घे. आणि दुखायला लागलं, की ये."