दाराकडे निघालेली माणसे

एकदा एका शहराच्या तळघरात एक वृद्ध डीजे दर रविवारी दुपारी हाऊस म्युझिक वाजवीत असे. एकच ठोका तासन् तास चाले आणि त्यावर हा गृहस्थ शिवणयंत्राची खडखड, माठात पडणारे पाणी असे स्वतः टिपलेले आवाज चढवी. जाहिरात नव्हती, ज्याला ठाऊक तोच येई. चाळीस वर्षे त्याने हेच केले, आणि नातलगांच्या मते आयुष्य वाया घालवले.

त्याची एक शिष्या होती. बँकेतली नोकरी सोडून ती या नादाला लागली होती. त्या रविवारी ती प्रथमच एकटी वाजवणार होती. जमले, तर पुढचे सारे रविवार तिचे. न जमले, तर वडिलांपुढे मान खाली घालून उभे राहणे आले. बिचारीची पाचावर धारण बसली होती.

थोड्याच वेळात एक माणूस दाराकडे निघाला. तिने घाईने गाणे बदलले. मग दोघी निघाल्या. तिने पुन्हा बदलले, ठोका वाढवला. आता नाचणारेही गोंधळून थांबू लागले.

"काका, सगळे उठून चाललेत," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुम्हीच वाजवा."

म्हाताऱ्याने वाजवण्याच्या चौथऱ्यापुढच्या दोरीवर एक चादर इतकी खाली टांगली, की तिला समोरच्यांचे फक्त पाय दिसावेत.

"आता हे गाणं दहा मिनिटं मोडायचं नाही," तो म्हणाला.

ती दहा मिनिटे तिने जीव मुठीत धरून काढली. तेवढ्यात दाराकडे गेलेले पाय एकेक करून परत आले. सगळे अनवाणी होते.

"पोरी, गाणं अंगात भिनलं की इथली माणसं दारापाशी चपला काढून नाचायला येतात," म्हातारा म्हणाला. "तू नेमकं तेव्हाच गाणं मोडत होतीस. तीन वर्षं माझ्या हातांकडे पाहिलंस, माणसांकडे पाहिलंच नाहीस. भ्यालेल्याला माणसाची पाठ तेवढी दिसते."

इतक्यात आणखी दोन पाय दाराकडे निघाले. तिचा हात बटणाकडे गेला, पण तिने तो मागे घेतला. ते पाय मात्र परतले नाहीत. तो माणूस खरोखरच घरी गेला होता. गाणे तसेच चालू राहिले.

म्हाताऱ्याने आपल्या चपला काढल्या. "पुढच्या रविवारपासून मी नाचायलाच येणार," असे म्हणून तो चौथऱ्यावरून खाली उतरला.