गायत्याची कुऱ्हाड

“फौज की बोलणी? एका वाक्यात सांगा, बाबा. आमच्या पेपराला संध्याकाळच्या आत हवंय.”

विचारणारे देवस्थळीसाहेब. मूळचे पुण्याचे, आता कुठल्याशा परदेशी वृत्तपत्राचे बातमीदार. मी त्यांचा वाटाड्या. मोटरसायकलवर मागे बसून अख्ख्या वाटेत त्यांनी मला या जंगलाची माहिती दिली. मी जन्मलो इथेच, पण म्हटलं, बोलू द्या बापड्याला!

ज्याला विचारलं तो कोमटी, गावाचा गायता, म्हणजे म्होरक्या. नऊ दिवसांपूर्वी बंडखोरांनी गावातली पाच माणसं उचलून नेली. त्यात गायत्याची लेकही होती. आज दिवस मावळायच्या आत त्यानं बोलणी करून त्यांना सोडवून आणायचं, नाहीतर फौज जंगलात घुसणार होती.

गायता दगडावर कुऱ्हाडीला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

“तुझी बातमी लिहून झाली?”

“जवळजवळ. मथळा पेपराच्या कचेरीतूनच आलाय.”

“काय आलाय?”

साहेब जरा घुटमळले. “‘बंदुकीपुढे गुडघे टेकलेलं गाव.’”

माझं डोकंच फिरलं. गायता मात्र धार लावत राहिला...

मग उठला आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

“अहो, हे काय!” साहेब ओरडले. “बोलणी करायला निघालात आणि कुऱ्हाड? फोटोत कसं दिसेल ते!”

“बंडखोरांचा निरोप आला, रिकाम्या हातानं ये. फौजेचा साहेबही तेच म्हणाला. आता तू.”

“मग ऐका ना कुणाचं तरी!”

“लेक आणायला चाललोय. भीक मागायला नाही.”

“म्हणजे तुमचा विश्वास बळावरच. असं लिहू?”

गायता थांबला. भुईवर मांडी घालून बसला, आणि साहेबांना हातानंच समोर बसायची खूण केली. साहेब पँट सावरत बसले.

गायत्यानं कुऱ्हाड दोघांच्या मध्ये ठेवली. पातं स्वतःकडे, दांडा साहेबांकडे.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“आमच्याकडे भांडण मिटवायला असंच बसतात,” मी म्हणालो. “पातं आपल्याकडे. दांडा समोरच्याच्या हाताशी.”

“आणि समोरच्यानं उचलली तर?”



गायत्यानं हात पुढे करून साहेबांच्या गळ्यातला कॅमेरा काढला आणि कुऱ्हाडीशेजारी ठेवला. भिंग साहेबांच्या तोंडाकडे.

“विचार आता.”

साहेबांनी घाम पुसला.

“लेकीचं नाव काय, बाबा?”

“सोमरी.”

“केवढी आहे?”

“एकोणीस.”

साहेबांनी वही काढली नाही. खरं सांगतो, तेवढ्यापुरता मला तो माणूस आवडला.

गायता कुऱ्हाड खांद्यावर टाकून उठला. कुंपणाशी त्याची बायको उभी होती. तिनं भाकरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. तो जंगलाच्या वाटेला लागला.

“बाबा!” साहेबांनी मागून हाक मारली. “तुम्ही परत नाही आलात तर?”

गायता चालता चालता म्हणाला, “तर मथळा सोमरीच्या आईला विचार.”