घरटी एक टोपली

मला सांगायचं नव्हतं. कंबर धरलीय, शाळा चौथीतच सुटली, आणि सून म्हणते, "मामंजी, सरकार कर कशाला घेतं ते पोरं विचारतायत, तुम्हीच सांगा." कमावते ती, कर भरते ती, आणि सांगायचं मी! बरं, ऐका. मध्ये बोललात तर उठून जाईन.

खाडीकाठी एक गाव होतं, फार जुनं. गाव आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. आत भातशेती, बाहेर खारं पाणी. बांधाला एक राखणदार असायचा. ओहोटी लागली की तो बांधावरून चालायचा, खेकड्यांनी पाडलेली बिळं शोधायचा आणि चिखल-पेंढ्यानं बुजवायचा. त्याबद्दल कापणीनंतर घरटी एक टोपली भात त्याला मिळायचं.

बांधाला लागून एका विधवेचं शेत होतं. एकच तुकडा. त्यावर ती आणि तिची आंधळी सासू जगायच्या.

बारा वर्षं बांध फुटला नाही. मग गावाला अक्कल सुचली.

टेकाडावरचा बागायतदार गावकीच्या बैठकीत म्हणाला, "बांध तर फुटतच नाही. मग हा माणूस करतो काय? बिळात बोटं घालतो!" लोक हसले. "आणि खारं पाणी मला कधी भेटलंय? ज्यांची शेतं खाली, त्यांनी द्यावं."

विधवा म्हणाली, "अहो भाऊ, आम्ही खालचे चार जण. चार टोपल्यांवर तो वर्ष कसं काढील?"

"मग तुम्ही दोन-दोन द्या!"

बैठक उठली, टोपल्या बंद झाल्या. राखणदारानं महिनाभर फुकट काम केलं. चूल पेटेना, तसा तो मिठागरावर मजुरीला निघाला. जाताना विधवेच्या शेताशी थांबला. "बाई, बीळ ओळखायला शिकवतो तुला. ताजी माती उकरलेली दिसली की समजायचं, आत खेकडा आहे."

ती शिकली. रोज ओहोटीला आपल्या शेतापुरता बांध हातानं चाचपायची. एक बीळ ठेवलं नाही तिनं. पण बांधाच्या पार टोकाला, स्मशानापलीकडे, कोणाचंच शेत नव्हतं. तिथं कोण जाणार?

भादव्यात भात पोटरीला आलं. पुनवेच्या उधाणाला, भर दुपारी, त्या टोकाला बांध फुटला. विधवा चिखलाची टोपली घेऊन आपल्या बांधावर उभी होती, डोळे खाडीकडे. पाणी आलं ते पाठीमागून. वळून बघते तो शेत बुडालेलं.

ती खाली उतरली, आणि आडवं झालेलं एक रोप धरून सरळ करू लागली. सोडलं की ते पुन्हा पडे. ती पुन्हा उभं करी.

पाणी टेकाडावर चढलं नाही. पण गावाचं पिण्याचं तळं खाली होतं. दुसऱ्या दिवशी बागायतदारानं तांब्या तोंडाला लावला आणि थुंकला. तेव्हा भेटलं त्याला खारं पाणी.

सगळ्या गावानं खपून बांध सांधला. बागायतदार स्वतः मिठागरावर गेला. "चल बाबा. तुझ्या टोपल्या आधी, काम मग."

राखणदार म्हणाला, "येतो. पण त्या बाईच्या शेताचं काय? पावसानं मीठ धुऊन जायला तीन वर्षं लागतील."

 बागायतदार गावकीत उभा राहिला. ज्यांचं पीक वाचलं त्यांनी दोन टोपल्या द्यायच्या, एक बांधाला, एक बुडालेल्या घरांना, तीन वर्षं. ज्याची शेती मोठी त्यानं जास्त. "आणि सगळ्यांत मोठी माझीच आहे," असं खाली बघत म्हणाला.

पहिली टोपली तोच डोक्यावर घेऊन आला. विधवा दार अडवून उभी. "भाऊ, मी भीक घेत नाही."

"भीक नव्हे गं. इतकी वर्षं तूही टोपली घातलीस ना? त्यातलंच हे. गावाचं. म्हणजे तुझंही."

आतून सासूनं विचारलं, "कोण आलंय गं?"

"गाव आलंय, आत्याबाई," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

तात्पर्य काय, तर आपल्यापुरता बांध कोणालाच राखता येत नाही. सगळ्यांनी मिळून राखायचा, आणि तोही फुटायच्या आधी.

झालं. जा आता. आणि गेल्या साली आपल्या गावच्या बांधाची वर्गणी मागायला गेलो तर जो चारचौघांत मला भिकारी म्हणाला, त्यानं अजून माफी मागितलेली नाही. नाव लिहून ठेवा: हिरोजी थळे.