आधी काय वाचू?

“सगळं परत येईल ना, भंतेजी?”

भंते शीलरत्न यांनी मान वर केली नाही. समोरच्या काचेच्या पेटीत निशांतची हार्ड डिस्क उघडून ठेवलेली होती, आणि ते तिच्यावर वाकले होते.

“सगळं म्हणजे काय?”

“सगळं म्हणजे... सगळं. जेवढं आहे तेवढं.”

निशांत रामटेके हे नाव त्या भागात आता साधं राहिलं नव्हतं. वैनगंगेच्या काठाने धानाची रोवणी करताना बाया जी गाणी म्हणतात, ती त्याने गावोगाव फिरून, गुडघाभर चिखलात उभं राहून कॅमेऱ्यात भरली होती. कष्ट खरेच होते. त्याबद्दल शाली मिळाल्या, श्रीफळं मिळाली. शाली वाढल्या की माणसाची मान जरा ताठ होते, तशी त्याचीही झाली होती.

डिस्क पडली तीही सत्काराच्या दिवशीच. “या एवढ्याशा डबीत अख्खी वैनगंगा आहे!” असं म्हणत त्याने ती व्यासपीठावर उंच धरली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पाहुणे शाल घालायला पुढे आले, हा हात जोडायला गेला आणि अख्खी वैनगंगा फरशीवर आपटली.

भंते चीवर घेण्याआधी पुण्यात हेच काम करायचे. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती परत काढण्यात त्यांचा हातखंडा होता. भिक्खू झाल्यावर बाकी सगळं सुटलं, हे मात्र लोकांनी सुटू दिलं नाही. म्हणून बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत धूळ शिरणार नाही अशी ती काचेची पेटी होती.

“पडल्यावर किती वेळा लावून पाहिलीस?” भंतेंनी विचारलं.

“एकदा... दोनदा.”

भंतेंनी तबकडीवरच्या ओरखड्यांकडे बोट दाखवलं.

“बऱ्याचदा,” निशांत म्हणाला. “वाटायचं, या वेळी तरी सुरू होईल.”

“दर वेळी आतलं हेड, म्हणजे वाचणारी सुई, तबकडीवर घासत होतं. जिथं घासलं तिथलं गेलं.”



“दुसरी प्रत कुणाकडे?”

“कुणाकडेच नाही. आज एखाद्याला द्यावी आणि उद्या ती त्याच्या नावावर बाहेर यावी, असं चालतं या क्षेत्रात. मी आजवर कुणाला एक गाणंसुद्धा दिलेलं नाही, भंतेजी.”

स्वतःची चांगली सवय सांगावी, तशा थाटात त्याने हे सांगितलं.

भंतेंनी चिमटा खाली ठेवला. “ऐक. दुसऱ्या डिस्कचं हेड काढून यात बसवलं आहे. पण तबकडी खरवडलेली आहे, त्यामुळे हे हेडही फार टिकायचं नाही. टिकेल तेवढं वाचेल. आधी काय वाचू?”

“पहिल्यापासून घ्या. ओळीने.”

भंतेंनी यंत्र सुरू केलं. डिस्क फिरू लागली. पडद्यावर फोल्डरांची नावं उमटली. सगळ्यांत वर होतं, ‘सत्कार’. त्याखाली, ‘माझ्या मुलाखती’.

भंतेंनी त्याच्याकडे पाहिलं. “इथून?”

“नाही, नाही!” निशांतचे कान तापले. “माहितीपट घ्या. तो तयार आहे. पुढच्या महिन्यात दिल्लीला दाखवायचा आहे. तो हातात आला की माझं बाकी मी पाहून घेईन.”

भंतेंचं बोट कळीवर गेलं आणि तिथंच थांबलं.

“यात गातं कोण?”

“निवेदन माझं आहे. मध्ये मध्ये बाया गातात.”

“त्या बाया कुठं आहेत?”

“आपापल्या गावी. सध्या रोवणीच चालू आहे.”

“गातात?”

“गात असतील की. गाण्याशिवाय त्यांचा हातच चालत नाही.”

“मग गाणी हरवली कशी?”



डिस्क फिरत होती. तिचा बारीक आवाज खोलीत भरून राहिला होता. प्रत्येक क्षणाला हेडचं आयुष्य कमी होतंय, हे त्याला कळत होतं. घाई करावी असं वाटत होतं, पण कशाची घाई करावी तेच उमगत नव्हतं. खंडीभर गाणी त्याच्या डोक्यातून सरकून गेली. ही बाई आहे. ती आहे. तीही आहे, परवाच बाजारात दिसली.

“एक नाही,” तो हळूच म्हणाला.

“कोण?”

“सकराबाई. गेल्या उन्हाळ्यात वारल्या.”

सकराबाईंची मुलगी दुरपता त्याला मधून मधून फोन करायची. “भाऊ, मायचं गानं धाडतो म्हनले होते ना. धाडा ना जी.” तो दर वेळी “पाठवतो” म्हणायचा. एकदा पाठवलं की गावभर होईल, ही धास्ती होती. माय गेल्यावरही फोन आला होता. तेव्हाही तो “पाठवतो” म्हणाला होता.

“सकराबाईंचं घ्या,” निशांत म्हणाला. “तेवढंच घ्या आधी.”

“आणि माहितीपट?”

“नंतर. उरलं तर.”

भंतेंनी कळ दाबली.

पडद्यावर हिरवी रेघ सरकू लागली. अर्ध्यावर ती अडली. डिस्कमधून टक् असा आवाज आला. निशांत पडद्याकडे झुकला. भंते मात्र, पाणी उकळायची वाट पाहणाऱ्या बाईसारखे निवांत बसले होते. रेघ पुन्हा सरकली... आणि टोकाला पोचली.

“आलं,” भंते म्हणाले. त्यांनी ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि माहितीपट वाचायला लावला.

टक्. टक्. टक्.

भंतेंनी लगेच वीज तोडली. खोली एकदम शांत झाली.

“हेड गेलं. आणखी एक बसवून पुन्हा लावून पाहू?”

एरवी निशांतने त्यांचे पाय धरले असते. आता त्याने त्या उघड्या डिस्ककडे पाहिलं. दिल्ली गेली, हे त्याला कळलं. वाईट वाटलं, पण वाटलं होतं तेवढं नाही.

“नको. बाकीच्या बाया आहेत. मी जाईन परत. रोवणी संपायच्या आत जाईन.”

भंतेंनी मान डोलावली आणि पेन ड्राइव्ह संगणकाला लावला.

पडद्यावर सकराबाई आल्या. चिखलाने माखलेले हात, कासोटा, तोंडात उरलेले दोनच दात. खोकला आला म्हणून थांबल्या, स्वतःलाच हसल्या आणि पुन्हा गायला लागल्या. आवाज असा खणखणीत, की शेताच्या धुऱ्यावरची माणसं वळून पाहत होती. निशांतने हे गाणं कितीतरी सभांमध्ये वाजवलं होतं. नीट ऐकलं ते आज.

गाणं संपलं. पडद्यावर सकराबाई कॅमेऱ्याजवळ आल्या, आत डोकावल्या. “बाबू, माह्या पोरीला ऐकवशील ना हे?”

आणि पडद्याआडून निशांतचाच आवाज आला, उत्साही, घाईतला. “पाठवतो की, मावशी!”

चित्र थांबलं.

निशांतला लाज वाटली, आणि त्याने ती लपवली नाही. डोळे पुसले.  विहाराबाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं.

मग भंतेंनी पेन ड्राइव्ह काढून त्याच्या तळहातावर ठेवला. निशांतने मूठ घट्ट मिटली. जगात आता या गाण्याची ही एकच प्रत होती.

“हे कुठं ठेवू, भंतेजी? पुन्हा हरवायला नको.”

भंते काचेची पेटी पुसायला लागले होते.

“ठेवू नको.”